शकूचं रक्त कुणाकडचं?

मामाच्या पोरीवर भाच्याचा पहिला हक्क, आणि त्यावर 'का' विचारायचं नाही, हा आमच्या बोरीच्या घरातला नियम. ज्या घरात 'का' चालत नाही, तिथं किस्से मात्र पोत्यानं साठतात! त्या वर्षी मी परभणीत बी.एस्सी. करत होते, माझं लग्न आत्याच्या दिलीपशी ठरलं होतं, आणि माझी दहा वर्षांची बहीण शकू दिवसेंदिवस पांढरी पडत चालली होती, तिच्या हिरड्यांतून रक्त येत होतं.

*

परभणीच्या डॉक्टरांनी शकूच्या कमरेच्या हाडातून सुईनं नमुना काढला. म्हणाले, "हाडांतल्या मगजात रक्त तयार होतं. हिचा मगज रिकामा झालाय."

आत्या उसळली, "तुमीच सुई घालून काढला, मग रिकामा होणारच की!"

*

डॉक्टरांनी मुंबईला धाडलं. विद्यापीठाच्या नामांतरावरून पुकारलेल्या बंदमुळे एसटी नव्हती, आई-बाबा, शकू आणि मी दोन दिवस उशिरा पोचलो. तिथले डॉक्टर शकूचे आखूड अंगठेच न्याहाळत बसले.

"साहेब, आमी रक्तासाठी आलोत," बाबा म्हणाले. "अंगठे जन्मापासून तसेच हायेत!"

"म्हणूनच बघतोय. मगज रिकामा होण्याचे बरेच प्रकार असतात. हिचा जन्मजात असेल, तर नेहमीचं जबर औषध हिला सोसणार नाही." मग त्यांनी विचारलं, "लग्नाआधी तुम्हा दोघांचं काही नातं होतं?"

बाबा ताडकन उठले. "आमी तसली माणसं न्हाईत! लग्नाआधी मी हिचं तोंडसुदा..." मग हळूच खाली बसले. "म्हंजे, बघितलं होतं. माझ्या मामाचीच पोरगी हाय ती."

*

तपासणी अशी: शकूच्या रक्तातल्या पेशी वाढवायच्या, त्यात औषध घालायचं आणि आतले गुणसूत्रांचे धागे किती तुटतात ते मोजायचं. निरोग्याचे थोडे तुटतात, या आजारात फार.

"तुटणं वाईट," बाबा गोंधळून म्हणाले, "तर मग तुमीच कशाला तोडायलेत?"

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी बी.एस्सी.! मीही शकूचे अंगठे न्याहाळू लागले.

*

रिपोर्ट आला. प्रकार जन्मजात. दोष आई आणि वडील, दोघांकडून आलेला; एकाकडूनच आला, तर तो नुसता लपून राहतो.

"आमच्या घराण्यात असलं कदीच नव्हतं," आत्या म्हणाली. "हे हिच्या माहेरचं!"

आई भाकरी थापता थापता म्हणाली, "अक्का, माझं माहेर म्हंजे तुमचंच आजोळ की!"

*

तरी लग्नाची तारीख धरायला सगळे बसलेच. मी म्हटलं, "दोष माझ्यातही लपलेला असेल, दिलीपमध्येही. डॉक्टर म्हणाले, लपलेला दोष या तपासणीत कळत नाही."

"एका शकूला झालं, म्हणून काय समद्यांनाच होतंय का?" आत्या म्हणाली.

मी विचारलं, "तुमची धाकटी बहीण काशी लहानपणीच गेली ना? तिला काय झालं होतं?"

"नजर लागली होती," आत्या म्हणाली.

"मुदतीचा ताप होता," बाबा म्हणाले.

आई दारात उभी होती. "हिरड्यातून रक्त यायचं तिच्या," ती म्हणाली. "आमी सागरगोटे खेळायलो होतो. माझ्या परकराला लागलं होतं."

आत्यानं बाबांकडं पाहिलं. बाबांनी पंचांगाकडं.

"मी दिलीपशी लग्न करणार नाही," मी म्हटलं. "आता कुणीतरी मला विचारा, का?"

कुणीच विचारलं नाही.