म्हस्कूच्या मेंढवाड्याचं कुंपण

तीर्थपुरीच्या शिवारात म्हस्कूनं मेंढरांसाठी बाभळीच्या खांबांचं कुंपण घातलं, तेव्हा गावाला हसूच आलं. धनगराचा माणूस, बाप-आजा निजामाचं निम्मं राज्य मेंढरांमागं पालथं घातलेले, आणि यानं एका जागी ठाण मांडलं. कुणी विचारलं तर सांगायचा, एका जागी बसवली की वावराला खत होतं. गावानंही ते खरं मानलं.

पण एका जागी राहणाऱ्या लाकडाची त्याला माहितीच नव्हती. त्याच्या घराण्यात संध्याकाळी मेंढरांभोवती दोरीची जाळी लावायची, सकाळी गुंडाळायची आणि पुढं निघायचं. रोवलेल्या खांबाला वाळवी लागते हे कळायला आधी कुठं मुक्काम तरी करावा लागतो. पहिल्याच वर्षी कुंपणाचा बुडापासून भुसा झाला.

पुंजाराम सुतार म्हणाला, परतूरच्या टेसनावरून डांबर आण, रेल्वेवाले तेच लावतात. पण उन्हात डांबर पाघळून लोकरीला चिकटलं, तर तसल्या लोकरीचं घोंगडं विणणार कोण? बायको आसराबाई म्हणाली, बिब्ब्याचं तेल लावा, वाळवी वाऱ्यालासुद्धा उभी राहणार नाही. बोलणं खरं होतं. पण बिब्बा अंगावर उततो, आणि आसराबाईला तर असा उतायचा की नुसत्या वाफेनं तिचं तोंड सुजून डोळे मिटायचे. म्हस्कूनं आपला मधला मार्ग काढला आणि नव्या खांबांना जवसाच्या तेलाचे दोन हात दिले. लाकूड तुकतुकीत दिसायला लागलं, म्हस्कू खूश झाला.

मेंढरं त्याहून खूश झाली. जवसाच्या पेंडीवर वाढलेली ती जनावरं, वासासरशी खांब चाटायला लागली, अंग घासायला लागली. खांब ढिले झाले आणि एका पहाटे लांडगा फटीतून शिरून गाभण मेंढी घेऊन गेला.

मग बिब्बाच आणला. म्हस्कूनं हातांना खोबरेल चोपडून काम सुरू केलं, पण निम्मं कुंपणही झालं नाही तोवर कोपरापर्यंत फोड उठले. तो मातीतच बसला. पाणी घेऊन आलेली आसराबाई त्याचे हात बघून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. मोडून टाकू ह्यो वाडा. पुन्हा फिरू मेंढरांमागं."



"मला चालवत न्हाई आता, आसरे," तो म्हणाला. "म्हणून तर कुंपण केलं. खताचं मी उगंच सांगत आल्तो."

आसराबाईनं पदर नाकातोंडावरून घट्ट बांधला आणि तेलाचं मडकं उचललं. सकाळी तिचं तोंड कसं होणार हे म्हस्कूला पक्कं ठाऊक होतं. तिला अडवायला हवं होतं, आणि ते न केल्याची त्याला लाजही वाटत होती. पण अंगात त्राणच उरलं नव्हतं. कोणते खांब राहिलेत, तेवढं त्यानं बसल्या जागेवरून बोटानं दाखवलं.