दुसऱ्या देशाचा पाऊस

भूगोल शिकवण्यात माझा जन्म गेला आणि नागपूरच्या पलीकडे मी फारसा कधी गेलो नाही. नाचणगावच्या शाळेत फळ्यावर नकाशा टांगायचा, छडीनं विषुववृत्त दाखवायचं आणि उष्ण कटिबंधातला एकेक देश पोरांच्या गळी उतरवायचा. हवामान, लोक, पिकं, निर्यात. परीक्षा झाली की पोरं सगळं विसरायची. मी त्यांना दोष देत नसे. त्या देशांशी आपलं काय घेणंदेणं?

मग आमचा एकुलता एक मुलगा टांझानियाला गेला. तो जिनिंगमध्ये फिटर आहे. कापसातून सरकी वेगळी करणारी यंत्रं दुरुस्त करतो. आपल्याकडे जिनिंग दिवाळीच्या सुमारास सुरू होतं आणि होळीपर्यंत थंडावतं. उरलेले महिने तो पिपरी मेघेतल्या आमच्या घरात पंख्याखाली पडून असायचा आणि मी चिडचिड करायचो. एका ठेकेदारानं विचारलं आणि तो गेला. तिकडे मोठ्या सरोवराच्या दक्षिणेला कापूस पिकतो, शेतं लहान आहेत, लोक मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा खातात. हे सगळं मी बायकोला वर्गात सांगावं तसं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तो वापस केव्हा येईन?"

सीझन संपला की. ठरलं तसंच होतं. आपल्याकडे पेरण्या होतात तेव्हा तिकडचा कापूस निघतो, आणि तो संपेपर्यंत यंत्रं चालतात. पीक बेताचं असलं तर मुलगा दिवाळीआधी घरी, मग इकडचा सीझन, जमलं तर लग्न. पीक भरघोस आलं तर दिवाळी तिकडेच. आणि त्या देशात दरवर्षी असं काही पिकत होतं की विचारू नका! "एवढंबी पिकू नये कोनाचं," बायको एकदा वैतागून म्हणाली, आणि लगेच जीभ चावली.

तिचं माहेर आष्टीकडचं, शेतीवर जगणारं. पावसानं ताण दिला की महादेवाची पिंड पाण्यात बुडवणाऱ्या गावात ती वाढली. तीच आता रोज सकाळी मला विचारायची, "तिकडचं आभाय काय म्हणते?" मी मोबाइलवर तिथलं हवामान लावून ठेवलं होतं. "कोरडं," असं मी म्हणालो की ती चहा ठेवायला उठायची. त्या दिवशी माझ्या चहात साखर जरा सैल हातानं पडायची. मीही गोड मानून प्यायचो.

यंदा तिकडे पाऊस सुरुवातीला बरा पडला आणि मग गायब झाला. बोंडं भरलीच नसणार, हे वर्ध्यातल्या माणसाला कुणी समजावून सांगायला नको. बायकोनं मुलाची खोली झाडली, पिंजाऱ्याकडून त्याची गादी नव्यानं भरून घेतली.

गणपतीच्या दिवसांत एका रविवारी त्याचा व्हिडिओ कॉल आला. मागे जिनिंगचं आवार होतं, अगदी रिकामं. फाटकापाशी एक बाई गाठोड्यावर बसली होती.

"ते बाई काऊन बसली तिथं?" बायकोनं विचारलं.

"कापूस घेऊन आली. थोडासाच हाय. पन मशीनच बंद केली मालकानं, आता घेते कोन?"

बायकोनं मान खाली घातली. मला माझीच लाज वाटली. वर्षभर आम्ही त्या बाईच्याच शेतावर डोळा ठेवून होतो. मग बायको अगदी हळू म्हणाली, "मंग तू येतं ना आता?"

"नाई, आई. ठेकेदारानं दुसरीकडं लावलं. बेनिनले. तिथलं जिनिंग दिवाळीच्या मांगंपुढं सुरू होते."

माझं डोकं फिरलं. "अबे, आपलंबी दिवाळीलेच सुरू होते!"

"अन् होळीले बंद होते, बाबा. मंग मले पंख्याखाली पाहून तुमालेच राग येते माहा." तो रागानं बोलला नाही. रागानं बोलला असता तर मी भांडलो तरी असतो.

फोन बंद झाल्यावर मी जुना नकाशा पलंगावर पसरला. पश्चिम आफ्रिकेतला तो देश इतका अरुंद, की त्याचं नाव समुद्रात छापलंय. बायकोनं चष्मा लावून वाकून पाहिलं.

"इथं पाऊस केव्हा येते?"

"कापसाच्या भागात आपल्यासारखाच. आता चालू असंन."

"मोबाइलात लावून द्या," ती म्हणाली.

मी लावून दिला. तो पाऊस पडावा की त्यानं दडी मारावी, हे तिनं सांगितलं नाही. मी विचारलंही नाही, कारण माझं उत्तर मला ठाऊक होतं, आणि फाटकापाशी बसलेली ती बाई आठवूनही ते बदललं नव्हतं.