खांद्यावर दोनदा

आमच्या घरात अंगात येणं, उतारा, लिंबू-मिरची असलं काही चालायचं नाही. मी शाळेत विज्ञान शिकवायची. कुणी भुताची गोष्ट काढली की पहिली मीच फिदीफिदी हसायची. तरी हे लिहितेय... कारण पोटात ठेवणं आता जड जातंय.

आम्ही वर्ध्याजवळ नालवाडीला राहायचो. यांना पाखरांचं वेड. हिवाळ्यात गरमसूरच्या डोंगरावर हिरवट, मुठीत मावतील एवढे वटवट्ये येतात. त्यातले दोन प्रकार दिसायला अगदी सारखे. फरक कळतो तो आवाजावरून. एक ‘टिक्’ म्हणतो, दुसरा ‘चि-वी’. माझी नजर चांगली, यांचा कान. बोललं की पाखरू उडणार, म्हणून मी दुर्बीण लावायची आणि हे मागून माझ्या खांद्यावर बोट टेकवायचे — ‘टिक्’ला एकदा, ‘चि-वी’ला दोनदा. त्यात हे कधी चुकले नाहीत.

त्र्याऐंशीच्या पावसाळ्यात यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. वाचाही गेली. तेव्हापासून शाळेची रजा काढून मी घर सोडलं नव्हतं. हिवाळ्यात नणंद आली, म्हणाली, "वैनी, एक दिवस जाऊन ये वं डोंगरावर. दादाले मी पाहीन. काऊन एवढी सुकून राह्यली तू?"

मी निघताना यांनी डोळे मिटून घेतले. टोचलं मला ते. तरी गेले.

सागाखाली उभी होते. समोर वटवट्या पानांत नाचत होता. तेवढ्यात खांद्यावर बोट टेकलं... पुन्हा एकदा टेकलं. मागे कुणी नव्हतं. भीती नाही वाटली, उलट बरं वाटलं. दोनदा म्हणजे ‘चि-वी’. आणि पाखरू बोललं, इतक्या जवळून की मलाही ओळखू आलं — ‘टिक्’.

मी चक्क हसले. "आज चुकलात तुम्ही," असं मोठ्यानं म्हणाले आणि चांगली दुपार होईस्तोवर तिथेच रमले.

घरी पोचले तर दारात माणसं. नणंद रडत म्हणाली, "सकायीच गेला दादा. जाताना उजवा हात उचलला वं त्यानं... हवेतच बोट टेकवलं, मंग पुन्हा टेकवलं. कोनाले बलावून राह्यलता, मले समजलंच नाई."

डॉक्टर म्हणाले, तो हात उचलणं शक्यच नाही. लगेच निघाले असते तरी पोचले नसते, हेही कळतं. पण मागे वळून "काय हो?" एवढं तरी विचारायला हवं होतं मी.