राणीछाप रुपया आणि जावेची कवळी

माझ्याकडे आणि माझ्या धाकट्या जावेकडे एकेक राणीछाप चांदीचा रुपया आहे. लग्नात सासूने दोघींच्या ओटीत घातलेले, एकाच पुडीतले. जावेने तिचा फडक्यात गुंडाळून पितळी डबीत ठेवला आणि डबी ट्रंकेच्या तळाशी. माझा मात्र राबला.

वाडीत मूल झालं की माझा रुपया मागायला बाया यायच्या. बाळाची बेंबी वर आलेली असली की तिच्यावर रुपया ठेवून पट्टा बांधायचा. बाळगुटी उगाळताना सहाणेवर त्याचेही दोन वळसे द्यायचे. दवाखान्यातली नर्स एकदा आम्हाला ओरडली होती, की असलं काही बांधू नका, बेंबी आपोआप आत जाते. तिचंच खरं असणार. पण दारात आलेल्या बाईला नाही कसं म्हणायचं, म्हणून देत गेले. जावेकडे कोणी गेलं तर ती म्हणायची, "माझा खंय ठेवलाय तो आठवत नाय." तिच्या स्वतःच्या मुलाला बांधला तोसुद्धा माझाच.

दोन वर्षांपूर्वी जावेचे दात गेले. भात आमटीत कालवून नुसता गिळायची. तळलेला बांगडा केला की माझ्या ताटाकडे बघत बसायची आणि मला घास गोड लागायचा नाही. तिला कवळी करायची होती. मुलाजवळ एकदा विषय काढला, तर तो म्हणाला, "आये, या वयात दात कोणाला दाखवायचेत?" ती तिथून उठली. मागच्या दारी येऊन मला म्हणाली, "आक्का, माझ्या पैशाने करीन. याच्याकडे परत तोंड उघडायचं नाय."

तिचं स्वतःचं म्हणावं असं घरात दुसरं काही नव्हतं. डबीतला रुपया तेवढा होता. तिच्या नातीने मोबाइलवर त्याचा फोटो काढला आणि रत्नागिरीच्या बाजारात जुनी नाणी घेणारा एक माणूस आहे, त्याला पाठवला. त्याने कळवलं, नाणं अजिबात वापरलेलं दिसत नाही, साल चांगलं आहे, घेऊन या. त्याने सांगितलेल्या आकड्यात कवळी होत होती. जाऊ त्या दिवशी दुपारी दोनदा आरशात बघून आली.

आम्ही दोघी सकाळच्या एसटीने गेलो. माझाही रुपया मी कनवटीला लावला होता. एवीतेवी जातोयच तर भाव कळू दे, म्हटलं.

दुकानात तिने पुडी सोडली आणि रुपया असा लखलखला की मीच चमकले. फोटोत तो काळपट होता.

त्या माणसाने भिंग डोळ्याला लावलं, रुपया खिडकीकडे धरला, तिरका केला. मग विचारलं, "आजी, घासलात काय?"

"घासला तर! काल सगळी दुपार त्यातच गेली," जाऊ खुशीत म्हणाली. "चुलीतली राख घेतली, नारळाची शेंडी घेतली. काळा होता तर एवढे देत होतात, आता बघा कसा झालाय."

मग त्याने भिंग तिच्या हातात दिलं. तिला काही दिसेना, म्हणून मी बघितलं. राणीच्या गालावर, मानेवर, मागच्या मोकळ्या जागेवर बारीक बारीक रेघा होत्या. तवा घासल्यावर दिसतात तशा.

"तो काळपटपणा म्हणजे नाण्याची कातडी होती," तो म्हणाला. "ती गेली, वर ओरखडे आले. चिपळूणच्या पुरात चिखलात गेलेली नाणी मी घेतलीत, चिखल पाण्याने निघतो. ओरखडे निघत नाहीत. नाणी जमवणारा हौशी माणूस आता हे घेणार नाही. मी चांदीच्या भावाने घेईन."

"पुन्हा काळा होऊ दे, मग आणते," जाऊ म्हणाली.

"काळा होईल. रेघा तशाच राहतील."

मी माझा रुपया पुढे केला. त्याला हसू आलं. वर भोक, सहाणेवर झिजून एका बाजूची कड सपाट, राणीचं नाक गेलेलं. "आजी, यावर तर सगळंच झालंय. हाही चांदीच्याच भावाने."

"म्हणजे हिचा ट्रंकेत बसलेला आणि माझा राबलेला, दोघांचा भाव एक?"

"आजच्या घडीला एकच. भोक नसतं तर तुमचे थोडे जास्त आले असते."

जावेने रुपया पुडीत बांधला आणि उठली. चांदीच्या भावात कवळीचा एक कोपराही झाला नसता. परतताना एसटीत तिने पदर तोंडाला लावला होता. मी समजूत घातली नाही. घासण्याआधी विचारलं असतंस तर, एवढं मनात आलं, पण मलाही ते ठाऊक नव्हतंच.

घरी तिचा मुलगा पडवीत बसला होता. "काय आये, झाली काय श्रीमंत?" म्हणून हसला.

मी माझा रुपया त्याच्यापुढे टाकला. "हे भोक बघ. कोणासाठी पाडलंय ठाऊक आहे? तुझी बेंबी लिंबाएवढी होती. रुपया सारखा घसरायचा, म्हणून तुझ्या आजीने सोनाराकडून भोक पाडून दोरा ओवला. त्या भोकाने माझ्या रुपयाची किंमत गेली, आजच दुकानदाराने सांगितलं. नुकसान तुझ्यामुळे झालंय, भरून दे. मला नको, हिच्या तोंडात घाल."

"काकी, तू पण काय काढतेस!"

"काढते. बेंबी दाखव, नाय तर दात आण."

आत त्याची बायको मोठ्याने हसली. तो उठून मागच्या दारी गेला. पण पुढच्या आठवड्यात आईला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला.

कवळी बसली. पहिले पंधरा दिवस ती टोचते म्हणून जावेने घर डोक्यावर घेतलं. आता बांगड्याचं डोकंही सोडत नाही. काढलेली कवळी पितळी डबीत पाणी घालून ठेवते. रुपया बाहेर देव्हाऱ्यात माझ्या रुपयाशेजारी पडलेला असतो. पुन्हा काळा पडत चाललाय.

परवा खालच्या घरची सून तान्ह्याला घेऊन आली आणि सवयीने मला रुपया मागायला लागली. तर जाऊ आतून म्हणाली, "तिचा नको, माझा ने गो. तो आता खराबच झालाय."

मी त्या पोरीला म्हटलं, "दोन्ही राहू देत. आधी पोराला दवाखान्यात दाखव."