सेवस्तीसाठी आखलेले सहा तास

इव्हान्थियाशी तुमची ओळख झाली असती, तर तिने आधी तुमच्या गुडघ्यांची चौकशी केली असती आणि मग नाव विचारलं असतं. तीस वर्षं तिने आमच्या बेटावर येणाऱ्या मोठ्या जहाजांच्या थांब्यांची आखणी केली. आमच्या धक्क्याला पाणी उथळ, त्यामुळे जहाजं बाहेर नांगर टाकतात आणि आपल्या छोट्या नावांतून माणसं किनाऱ्यावर सोडतात. कुठली नाव किती वाजता, कोणी किल्ल्यावर जायचं, कोणी मठात, कुणाला सावलीत बसवून लिंबाचं सरबत पाजायचं, हे सगळं ती नगरपालिकेच्या त्या खुराड्याएवढ्या खोलीत बसून कागदावर मांडायची. जहाजवाल्यांना फोनवर म्हणायची, "माणसं किती ते नका सांगू. वर न चढणारे गुडघे किती, ते सांगा." कारण जुनं गाव चारशे बारा पायऱ्या वर आहे आणि तिथे जायला दुसरा रस्ता नाही.

मी मारिगो. धक्क्यावरचं कॉफीचं दुकान माझं. माझ्या तोंडाला झाकण नाही असं माझा नवरा म्हणायचा, देव त्याला सुखात ठेवो. आयुष्यात एकदाच मी गप्प बसले, आणि नेमकी चुकीच्या दिवशी. म्हणून हे सांगायला बसले आहे.

आमच्याकडे घर थोरल्या लेकीचं. आईचं घर, आईची शेतं, आईची पेटी, सगळं थोरलीला. धाकटीला आशीर्वाद. आता आशीर्वाद काही शिजवून खाता येत नाही, म्हणून आमच्या धाकट्या मुली ऑस्ट्रेलियाला जातात. इव्हान्थिया थोरली. सेवस्ती तिच्याहून चार वर्षांनी धाकटी, माझ्या वर्गातली, माझ्या बाकावरची. एकोणिसाव्या वर्षी ती मेलबर्नला गेली. त्या दिवशी अख्खं गाव तिला पोचवायला धक्क्यावर आलं होतं, फक्त इव्हान्थिया नव्हती. तिचाही दोष म्हणता येत नाही. आमच्याकडे रीतच तशी आहे, घर जिचं तिने उंबरठ्यावरून निरोप द्यायचा आणि परत आलेल्याला उंबरठ्यावरच घ्यायचं. धक्क्यावर भेटला तो धक्क्यावरूनच परत जातो, असं म्हातारी माणसं म्हणतात. सेवस्तीला ही रीत माहीत नव्हती थोडीच? पण बोट सुटेपर्यंत ती पायऱ्यांकडे बघत राहिली. माझा हात तिने इतका घट्ट धरला होता की तिची नखं रुतली.

मग एक्कावन्न वर्षं. आईबाप गेले तेव्हा दोन पत्रं आली, तीही कोरडी. तिकडे सेवस्तीचं लग्न झालं, मुलं झाली, नातवंडं झाली. इकडे घर बघून इव्हान्थियाला दोन स्थळं आली. एकाला तिने नाक मुरडलं, दुसऱ्याने तिला. पुढे कोणी आलं नाही. चार खोल्या, नऊ खिडक्या आणि एकटी बाई. रविवारी चर्चमधून परतताना ती माझ्याकडे कॉफी प्यायला बसायची आणि उठता उठत नसे. मी म्हणायची, "अगं, घरी जा की, राजवाडा वाट बघतोय." ती म्हणायची, "भिंतींशी काय बोलू? त्यांना माझं सगळं पाठ झालंय."

दोन वर्षांपूर्वी, जुलैत, एक कार्ड आलं. इव्हान्थिया ते घेऊन चारशे बारा पायऱ्या धावत उतरली, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी! कार्डावर इतकंच होतं: "मुलांनी सत्तरीचं म्हणून जहाजाचं तिकीट काढून दिलं आहे. बारा सप्टेंबरला तुमच्या बेटावर आठ ते दोन थांबणार. सेवस्ती."

"'तुमच्या बेटावर' लिहिलंय," मी म्हटलं.

"तू गप्प बस गं. सहा तास! मारिगो, सहा तास म्हणजे खूप झाले. सहा तासांत मी दोन हजार माणसांना किल्ला, मठ, संग्रहालय दाखवून जेवायला घालून परत पाठवते."

त्या दोन महिन्यांत तिने दुसरं काही केलं नाही. भिंतींना चुना लावला. आईची पेटी उन्हात काढून वारा दिला. आणि कचेरीतल्यासारखा एक कागद तयार केला, रेघा मारून. तो मला दाखवायला आणला. सव्वाआठला पहिली नाव. नऊला घर. नऊ ते साडेदहा खाणं. मग पेटी उघडायची. मग आईबापांच्या थडग्यावर दिवा. साडेबाराला घराचे कागद.

"कसले कागद?"

तिने आवाज खाली आणला. "घर तिचं करतेय. माझ्यामागे तिची लेक येईल, नात येईल. कोणीतरी येईल ना? तिला घरात घेतलं की सांगणार. उंबरठ्याच्या आत. म्हणजे ती परत जाणार नाही मनाने."

मी डोळे पुसत तो कागद बघितला. 'चढ: वीस मिनिटं' असं लिहिलं होतं. परक्यांसाठी ती चाळीस मिनिटं धरायची. पण सेवस्ती लहानपणी त्या पायऱ्या शेळीसारखी चढायची, दूधवाल्याच्या आधी वर. इव्हान्थियाच्या डोक्यात तीच सेवस्ती बसली होती, एकोणीस वर्षांची. मी तरी कुठे शहाणी? मलाही तीच दिसत होती. वीस मिनिटं वाचलं आणि मान डोलावली.

बारा सप्टेंबरला वारा पडलेला होता, समुद्र तेलासारखा. पहिल्या नावेतून एक बाई दोन काठ्या टेकत उतरली. खलाशी दोन्ही बाजूंनी धरून होते. मी ओळखलं नाही. ती माझ्या दारात येऊन म्हणाली, "मारिगो, तुझं नाक अजून तेवढंच आहे की गं!"

आम्ही रडलो, हसलो, परत रडलो. तिला खुर्चीवर बसवायला दोन मिनिटं लागली. दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली, एक बिघडलेली. नवरा वारून तीन वर्षं झाली होती. "दोन हजार माणसांच्या जहाजावर एकटीच जेवते," ती म्हणाली, "टेबलावरचा मिठाचा डबासुद्धा माझ्याशी बोलत नाही." मग तिने मान वर करून पायऱ्यांकडे पाहिलं. "ती कुठे आहे?"

"वर. उंबरठ्यावर. रीत आहे ना बाई."

"रीत!" तिचा चेहरा कडू झाला. "त्या रीतीनेच तिला घर मिळालं आणि मला बोट."

"माझ्या दिराचं खेचर आहे. तो तुला बसवून नेईल वर."

"मी काय कांद्याचं पोतं आहे? नाही. तिला खाली येऊ दे. एकदा. मी एवढं जग ओलांडून आले, तिने पायऱ्या उतराव्यात."

"मग फोन करते, सांगते तुझ्या गुडघ्यांचं."

तिने माझा हात पकडला. "नाही. तुला माता मारियाची शपथ आहे. गुडघ्याचं कळलं की ती दया म्हणून येईल. मला दया नको. तिला यावंसं वाटलं तर यावं."

मी शपथ घेतली. मूर्ख बाई मी! ज्या तोंडाने अख्ख्या गावाच्या भानगडी सांगितल्या, त्या तोंडात त्या दिवशी मूग घेऊन बसले.

दहा वाजता मी आत जाऊन इव्हान्थियाला फोन केला. "सेवस्ती माझ्याकडे बसलीय. तू खाली ये."

"बसलीय? अगं, पाठव तिला! द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्या निवल्या. चणे भट्टीतून काढून तास झाला."

"तूच ये ना."

"वेडी आहेस का? मी खाली आले तर इथे तिला घ्यायला कोण? धक्क्यावर भेट नको मला, मारिगो. पुन्हा तिथूनच परत जाईल. तिला म्हणावं, मी दारातच उभी आहे."

बाहेर येऊन मी तेच सांगितलं. सेवस्ती म्हणाली, "तेव्हाही दारातच उभी होती." पुढे तिने कॉफीही घेतली नाही.

अकरा वाजले. बारा वाजले. जहाजाची माणसं किल्ला बघून उतरली, समुद्रातले स्पंज विकत घेतले, माझ्याकडे आइस्क्रीम मागितलं. मी कुणाला काय दिलं ते देव जाणे. एक वर उभी, एक खाली बसलेली, आणि मध्ये मी, शपथेला बांधलेली. एक वाजता मला राहवेना. पुन्हा फोन लावला आणि ओरडले, "कारण विचारू नकोस. चप्पल घाल आणि उतर! सुंभ जळाला तरी पीळ जात नाही तुम्हा दोघींचा!"

पलीकडे पातेल्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "ती रागावलीय का?"

"उतर, इव्हान्थिया."

फोन बंद झाला. मला वाटलं, सुटले. दोनच्या नावेला अजून वेळ होता. पण दीड वाजायला आला तेव्हा एक खलाशी हातात यादी घेऊन आला आणि अदबीने म्हणाला, "आजी, चला. काठीवाल्यांची नाव दीडला."

"ही दोनच्या नावेने जाईल," मी मध्ये पडले. "दहा मिनिटं थांबा. माणूस येतंय वरून."

"शेवटच्या नावेला फार रेटारेटी होते, बाई. चालायला त्रास असलेल्यांना आधीच न्यायचं, असा इथल्या कचेरीचाच नियम आहे. दरवर्षी लेखी येतो."

कचेरीत माणूस एकच, हे मी त्याला काय सांगणार? मी सेवस्तीला म्हटलं, "ती निघालीय गं, खरंच निघालीय, थांब ना." सेवस्तीने पायऱ्यांकडे पाहिलं. खालची वळणं रिकामी होती. "मारिगो," ती म्हणाली, "तू लहानपणीही मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलायचीस." तिने माझ्या दोन्ही गालांची पापी घेतली. खलाशांनी तिला उचलूनच नावेत ठेवलं. तिची पाठ किनाऱ्याकडे होती.

दोनला वीस कमी असताना इव्हान्थिया पोचली. केस सुटलेले, छाती भात्यासारखी, हातात फडक्यात बांधलेलं पातेलं. तिने माझ्या दुकानातली एक एक खुर्ची पाहिली.

"कुठे आहे?"

"गेली. दीडच्या नावेने."

"दीडच्या?" ती हसली, मला मूर्खात काढल्यासारखं. "दीडची नाव काठीवाल्यांची असते गं. मीच लावलीय ती."

शपथ आता कशाला पाळायची? मी दोन हात पुढे करून दोन काठ्या टेकून दाखवल्या.

तिचं हसणं जागच्या जागी राहिलं. पातेलं तिने हळूच टेबलावर ठेवलं आणि ती उन्हातच उभी राहिली. बाहेर छोटी नाव जहाजाच्या पोटाला लागली होती. एवढ्या लांबून माणसं दिसत नव्हती.

"किती पायऱ्या चढता आल्या असत्या तिला?" तिने विचारलं.

"एकही नाही."

"आणि मी पाच तास वर उभी होते. ती आली की म्हणणार होते, हे घर तुझं आहे. पाठ केलं होतं मी." ती खाली बसली, माझ्याकडे वळली, आणि लहान पोरीसारखं विचारलं, "मारिगो, ते इथे खालीही म्हणता आलं असतं ना गं?"

जहाजाने भोंगा दिला. खोटं बोलायची सवय मला खरोखरच आहे. पण त्या वेळी जमलं नाही.

"आलं असतं," मी म्हटलं.