नवऱ्याला खुर्ची न देणाऱ्या डॉक्टरीणबाई

खेडच्या आमच्या डॉक्टरीणबाई पेशंटच्या नवऱ्याला खुर्ची देत नसत. "बसला की बोलायला लागतो," म्हणायच्या. मी उभ्यानेही बोलत असे, हा भाग वेगळा.

माझ्या बायकोला, सुलभाला, फिट यायची. एकदा गॅसपाशी पडून हात भाजला, तेव्हापासून माझ्या आईने तिला विहिरीवर, बाजारात, कुठेच एकटीला सोडलं नाही. गोळ्या झाल्या, देवळात गाऱ्हाणं घालून झालं. "मी आता माणूस नाही उरले, कुणीतरी सोबत न्यायचं सामान झालेय," असं ती एकदा म्हणाली.

"कधी येते गो फिट?" बाईंनी तिला विचारलं.

"कधीही येते," मी म्हणालो.

"तुम्हाला येते का हो? नाही ना? मग गप्प."

फिटच्या दिवसांवर मी कॅलेंडरात गोल काढले होते. ते पुढे केलं. बाईंचं बोट मात्र शेजारच्या बारीक फुल्यांवर थांबलं. "ह्या कसल्या?"

"सिलिंडर आल्याच्या," मी ठामपणे सांगितलं.

सुलभाने पदर तोंडावर धरला. त्या फुल्या तिच्या पाळीच्या होत्या. ते चार दिवस स्वयंपाक आईकडे जायचा, म्हणून सासूसुनांनी ठेवलेली खूण. पंधरा वर्षं मी त्याच कॅलेंडरखाली जेवत होतो!

"दर महिन्याला सिलिंडर, आणि आदल्या दिवशी फिट!" बाई हसून हसून चष्मा पुसू लागल्या. मग गंभीर झाल्या. "हे हार्मोन मेंदूपर्यंत पोचतात गो. इस्ट्रोजेन तिथल्या पेशींना चेतवतं, प्रोजेस्टेरॉन आवरून धरतं. पाळीच्या तोंडावर हे दुसरं झपकन उतरतं. मग दावं सुटलेल्या म्हशीसारख्या पेशी उधळतात. सगळ्या बायकांच्या नाही, तुझ्या उधळतात. बाधाबिधा काही नाही."

त्या दिवसांपुरती औषधं त्यांनी बदलली. आईलाही बोलावून हेच समजावलं. हार्मोनचं माहीत नाही, पण आईला म्हैस पटली.

फिट कमी होत गेली, मग दोन वर्षं आलीच नाही. तरी आम्ही सुलभाला एकटीला सोडत नव्हतो. "तिची गेली," बाई मला म्हणाल्या, "तुमची कधी जाणार?"

गेल्या पावसाळ्यात बाई वारल्या. मी गाडीची सोय बघतोय तोवर सुलभाने चपला घातल्या. "अहो, मी जाते. एकटीच."

दिवसभर मी फाट्यावर येईल त्या एसटीत डोकावत राहिलो. संध्याकाळी ती उतरली. डोळे सुजलेले.

"खूप बायका होत्या," म्हणाली. "सगळ्या एकेकट्या आलेल्या."