उपाली नावाचे दोन

खिरीत वेलची पडली की मला अकोल्याच्या जुन्या शहरातलं माझ्या मुलाचं बारसं आठवतं. आमच्याकडे बाळाच्या कानात नाव आत्याच सांगते, आणि आत्या, म्हणजे माझी थोरली बहीण, नाव ऐकताच अडून बसली. "उपाली? हे तं पोरीचं नाव वाटते! शाळेत पोट्टे चिडवतीन त्याले. मी नाही सांगत बा." बुद्धमूर्तीपुढच्या मेणबत्त्या अर्ध्यावर आल्या, खीर गार होऊ लागली. तेव्हा आमचे वडील म्हणाले, "बाई, उपाली न्हावी होता. शाक्य राजपुत्र बुद्धाले म्हणाले, आमच्याआधी याले दीक्षा द्या, म्हणजे आमाले याच्या पाया पडा लागन अन् आमचा गर्व जाईन." बहिणीने बाळाच्या कानात नाव सांगितलं आणि वाकून त्याच्या इवल्या पायांवर डोकं टेकवलं. मुलगा आता अमरावतीला कॉलेजात आहे. इतक्या वर्षांत या नावाचा दुसरा मुलगा मला भेटला नव्हता. परवा चांदूर रेल्वेहून बहिणीचा फोन आला, "भाऊ, मले नातू झाला. तेच नाव ठेवलं तं चालन काय?" म्हणजे आता दोन होतील.